दुसऱ्यातून तिसऱ्यात

सकाळी थंड असते तेव्हा ती शहाण्यासारखी वागते.
पहिला, दुसरा, तिसरा,
कधी बदलले कळतसुद्धा नाही.
तक्रार घेऊन उद्यमनगरात जावं
तर तक्रारच खोटी ठरते,
डॉक्टरसमोर बसल्यावर ताप उतरावा तशी.

"मग गरम करूया की तिला," दस्तगीर शिकलगार म्हणाला
आणि चहा अर्धा ठेवून शेजारी येऊन बसला.
आकडा बघितला : दोन लाख सत्त्याऐंशी हजार.
काही बोलला नाही.
फक्त चपला काढून ठेवल्या,
पायाखालची थरथर नीट कळावी म्हणून.

शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली.
उसाच्या ट्रॉलीमागं रांगत गेलो,
काचा खाली, एसी बंद, रेडिओ बंद.
जोतिबाच्या चढाला तिनं दाखवलं एकदाचं.
दुसरा सुटला. तिसरा लागेना.
मधल्या त्या जागेत
इंजिन नुसतं ओरडत राहिलं,
काटा चार हजारावर आणि गाडी कुणाचीच नाही.
मग पाठीत गुडघा घातल्यासारखा दणका.
त्यानं डोळे मिटून मोजलं होतं.
"दीड सेकंद. परत एकदा करा, ताई.
आता पाय हलका ठिवून."

ही गाडी मी का घेतली ते त्याला ठाऊक होतं.
डावा पाय पोलिओनं बारीक राहिला,
क्लच त्याच्यानं दाबला गेला नसता.
दोन हजार सहा साली शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
"ॲटोमॅटिक? कोल्हापुरात? विकताना कोण घेणार?"
विकायची कुणाला होती!
फौंड्रीची बिलं, उधारी, सांगली, बेळगाव, हुबळी,
उजव्या पायानं सगळं ओढलं
आणि डाव्याचं काम तिनं केलं, न बोलता.

गॅरेजात इंजिन चालू ठेवूनच त्यानं तेलाची पट्टी ओढली.
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर थेंब टाकला.
नवं असताना डाळिंबाच्या रसासारखं असतं म्हणे.
हे चहाच्या चोथ्यासारखं.
त्यानं वास घेतला, मग पट्टी माझ्याकडं केली.
मी कसबा बावड्याची. गुऱ्हाळावर वाढलेली.
"काकवी बुडाला लागलीय," मी म्हटलं.
तो हसला.
"लागलीय. पण अजून करपली न्हाई."

मग पॅन उतरला.
आतल्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लेप.
चिमटीत चोळत म्हणाला,
"पीठ असलं तर म्हातारपण.
कीस असला तर खेळ खलास."
पीठच होतं.
शेवटी एक कपची निघाली, तांदळाच्या कणीएवढी, चमकणारी.
नखावर घेऊन उजेडात फिरवली
आणि रिकाम्या काडेपेटीत ठेवून दिली.
"पुढच्या खेपंला हिच्या बहिणी निघाल्या तर बोलू."

शोरूमवाले म्हणतात, अख्खा बॉक्स बदला. एक लाख ऐंशी.
"त्यांचं बरोबर बी असंल," तो म्हणाला.
"मी गाळणी बदलतो, सोलेनॉइड धुतो.
तेल मात्र अर्धंच. सगळं न्हाई काढायचं.
झिजलेल्या प्लेटा आता ह्या घाणीलाच धरून हायत,
एकदम चकाचक केलं की घसरत्यात."
मला हसू आलं.
वहिनी वर्षानुवर्षं सांगतेय,
मनातलं सगळं काढून टाका वन्सं, हलकं वाटेल.
आता तिला काय सांगू?

चौथ्या दिवशी पुन्हा तोच चढ, दुपारचा, तापलेला.
दुसरा संपत येतो तिथं
मी पाय किंचित उचलते, श्वासाएवढा.
तिसरा येऊन बसतो.
कधी कधी नाही बसत.
मग दोघी थांबतो दीड सेकंद,
मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत राहतो.